काटेरी रानातील गुराखी-मेंढपाळांचा संरक्षक पोशाख

पावसाच्या दृष्टीने नाशिक जिल्ह्याचे दोन निरनिराळे भाग पडतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे पश्चिमेकडील तालुके सह्याद्रीच्या कुशीत असल्याने तेथे भरपूर पाऊस पडतो. त्याउलट सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, देवळा व मालेगाव हे तालुके पर्जन्यछायेत येतात. या पूर्वभागातील बागायत सोडली तर उरलेली माळराने, डोंगरउतार, नाल्यांचे काठ व गायराने यांवर मुख्यतः काटेरी झाडाझुडपांचेच राज्य आहे. बाभूळ, हिवर, बोर, बोराटी, हिंगणबेट व खैर ही कमी पाण्यावर तग धरणारी झाडे होत. पान लहान ठेवून पाणी राखावयाचे आणि काटा वाढवून ते पान राखावयाचे, असा त्यांचा जगण्याचा मार्ग आहे.

अशा रानात ज्याला रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हिंडावे लागते, तो गुराखी किंवा मेंढपाळ पायात काय घालतो व अंगावर काय पांघरतो, ही बाब वरवर पाहता क्षुल्लक वाटते. जनावरांचे लसीकरण, जंतांचे औषध, चाऱ्याची टंचाई यांविषयी गावोगाव चर्चा होते. परंतु जनावरांमागे चालणाऱ्या माणसाच्या पायांविषयी क्वचितच कोणी बोलते. वस्तुतः ज्या घराचा चरितार्थ पन्नास-साठ मेंढ्यांवर चालतो, त्या घरातील कर्ता माणूस पायात काटा मोडून पंधरा दिवस खाटेवर पडला तर कळपही तितकेच दिवस उपाशी राहतो. काही वेळा तर एका काट्यापायी पाय किंवा प्राणही गमवावा लागतो. म्हणून संरक्षक पोशाख हा हौसेचा किंवा केवळ रूढीचा विषय नसून नांगर-कुळवाप्रमाणे ते कामाचे एक अवजार आहे, अशा दृष्टीने त्याचा येथे विचार केला आहे.

गुराखी काट्यात का शिरतो?

माळावरून चालताना शहाणा माणूस काटेरी जाळी टाळून जातो. गुराख्याला मात्र ते शक्य नसते, कारण वाट तो ठरवीत नाही, जनावर ठरविते. पावसाळ्यानंतर गवत वाळते व मार्गशीर्ष-पौषापासून जमिनीवरील चारा संपू लागतो. त्यानंतर शेळ्यामेंढ्यांचा भर झाडपाल्यावर व शेंगांवर असतो. बाभळीच्या शेंगा, हिवराचा पाला, बोराटीची पाने हाच उन्हाळ्यातील त्यांचा खुराक होय. शेळीचे ओठ चपळ असल्यामुळे ती दोन काट्यांमधील पान अचूक टिपते. तिच्यामागे जाणाऱ्या माणसाला तशी सोय नाही. उंच फांद्यांवरील पाला पाडण्यासाठी मेंढपाळ लांब काठीला कोयती किंवा आकडी बांधून फांदी ओढतो आणि त्या वेळी ती काट्यांसह त्याच्याच दिशेने खाली येते.

याखेरीज विण्याच्या वेळी मेंढी आडोसा शोधत जाळीत जाऊन बसते. लांडग्याच्या भीतीने बुजलेला कळप जिकडे वाट फुटेल तिकडे घुसतो. चुकलेले वासरू, अडकलेले कोकरू, नाल्याच्या काठी झुडपात गुंतलेली म्हैस, यांपैकी काहीही झाले तरी माणसाला आत शिरावेच लागते. तेही घाईने, आणि बहुधा संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात. काट्याच्या पुष्कळशा जखमा अशा घाईच्या वेळीच होतात.

काट्यांचे प्रकार

सर्व काटे एकसारखे नसतात व म्हणून त्यांच्यावरील उपायही एकच नसतो. ढोबळमानाने काट्यांचे दोन प्रकार मानता येतील. पहिला सरळ काटा. बाभूळ, हिवर, हिंगणबेट यांचे काटे या प्रकारचे होत. कोवळ्या बाभळीचे पांढरट काटे जोडीजोडीने येतात व ते दोन-तीन इंचांपर्यंत लांब असतात. जुन्या झाडावर ते पुष्कळ कमी होतात. हिंगणबेटाचा काटा जाड, हिरवा व अत्यंत चिवट असतो. सरळ काटा दाभणाप्रमाणे थेट आत शिरतो. जखमेचे तोंड लहान, रक्त थेंबभर, पण खोली बरीच, अशी त्याची जखम असते. याला अडवावयाचे तर वस्त्राला जाडी व कठीणपणा पाहिजे.

दुसरा प्रकार आकडेदार काट्याचा. खैर, शिकेकाई, चिल्हार यांचे काटे गळासारखे वाकडे असतात. ते खोल जात नाहीत. धरून ठेवतात व ओढले की कापड आणि कातडी दोन्ही फाडतात. यांच्यापासून बचाव करण्यास नुसती जाडी पुरेशी नाही. कपड्याचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा आणि त्याला लोंबते टोक, सैल बाही किंवा उघडी नाडी असता कामा नये. बोरीने तर दोन्ही विद्या साधल्या आहेत. तिच्या काट्यांच्या जोडीत एक सरळ व एक वाकडा असतो. त्यामुळे बोरीच्या जाळीत सापडलेला माणूस टोचलाही जातो आणि अडकतोही.

आकडेदार काट्यात अडकल्यावर हिसका मारून पुढे जाणे ही स्वाभाविक परंतु चुकीची कृती होय. आकड्याचे टोक बहुधा फांदीच्या बुडाकडे वळलेले असते. म्हणून ज्या मार्गाने आत गेलो त्याच मार्गाने एक पाऊल मागे सरल्यास काटा आपोआप सुटतो. जुने गुराखी लहान मुलांना प्रथम हीच गोष्ट शिकवीत.

जमिनीवरील काट्यांचा निराळा विचार करावा लागतो. सराट्याच्या फळाची रचना अशी असते की, ते कसेही पडले तरी त्याचे एखादे टोक वर राहते. फड्या निवडुंगाच्या मोठ्या काट्यांपेक्षा त्यांच्या बुडाशी असणारी केसासारखी बारीक कुसे अधिक त्रासदायक असतात, कारण ती डोळ्यांना नीट दिसत नाहीत व कपड्यात बसली की धुण्यानेही सहज जात नाहीत.

जुन्या पोशाखाची योजना

जिल्ह्यातील धनगर मेंढपाळांचा जुना पोशाख या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. जाड तळाची वहाण, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, अंगात बंडी, डोक्यास मुंडासे, खांद्यावर घोंगडी व हातात काठी, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. यांतील प्रत्येक वस्तू एकाहून अधिक कामांसाठी उपयोगी पडे.

वहाणेचा तळ कमावलेल्या चामड्याचे थरावर थर शिवून तयार करीत. चामडे कठीण असल्याने काट्याचे टोक पहिल्या-दुसऱ्या थरातच मोडे. चामडे कमावण्यास बाभळीची साल वापरली जाई, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. जे झाड पायाला टोचावयाचे, त्याच्याच सालीने पायाचे रक्षण करणारे चामडे टिकाऊ होई. अशा वहाणा जड असत व नव्या असताना पायाला चावत. तेल पाजून त्या मऊ कराव्या लागत. तरीही रानात हिंडणारा माणूस त्यांचे ओझे आनंदाने वाही.

घोंगडी दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची असते. सणगर विणकर ताण्याच्या सुताला चिंचोक्यांची खळ देतात, त्यामुळे तिला ताठपणा येतो. थंडी व पाऊस यांपासून ती संरक्षण देते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु काट्यांच्या बाबतीतही तिचा उपयोग कमी नाही. भरड लोकरीच्या घट्ट विणीत काट्याचे टोक गुंतते व अंगापर्यंत पोहोचण्यापूर्वी अडते. दुहेरी घडी करून खांद्यावर टाकलेली घोंगडी खांदा व मानेची एक बाजू सांभाळते. काटेरी कुंपण ओलांडावयाचे झाल्यास तीच कुंपणावर टाकून पलीकडे जाता येते. मुंडाशाचेही तसेच. ते उन्हापासून डोक्याला वाचविते, खाली येणारी फांदी प्रथम त्यावर आदळते, आणि प्रसंगी विहिरीतून पाणी काढण्यास किंवा जखम बांधण्यास तेच कामी येते.

स्त्रियांचे काष्ट्याचे नऊवारी लुगडे काटेरी रानात सोयीचे ठरे, कारण त्याचा घोळ पायांत येत नाही. आज शेतात काम करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया साडीवर घरातील पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात. कोणी न सांगता त्यांनी शोधून काढलेला हा उपाय अगदी योग्य आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम भागात परिस्थिती निराळी. तेथे डांगी गुरे राखणाऱ्यास करवंदीच्या जाळ्या, शिकेकाईचे वेल आणि संततधार पाऊस यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. म्हणून तेथे घोंगडीची खोळ व पानांचे इरले यांना महत्त्व आले. एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचे पोशाख रूढ झाले ते रानाच्या प्रकारामुळे.

इतर देशांतील गुराखी

अमेरिकेतील गुराख्यांची चित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. पायांवर चामड्याचे रुंद आच्छादन, गळ्यात रुमाल, डोक्यावर रुंद काठाची टोपी असा त्यांचा वेष असतो. हा वेष केवळ दिखाऊ असावा असा अनेकांचा समज आहे, पण तो बरोबर नाही. टेक्सास राज्याच्या दक्षिण भागात, न्युएसेस व रिओ ग्रांदे या नद्यांच्या दरम्यान, काटेरी झुडपांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील गुरे या झुडपांत शिरून अर्धी रानटी बनत. त्यांना बाहेर काढण्यासाठी घोडेस्वाराला भरधाव वेगाने जाळीत घुसावे लागे. घोड्यावर बसलेल्या माणसाचे गुडघे व मांड्या नेमक्या फांद्यांच्या उंचीवर येतात आणि वेगामुळे काट्याचा जोर अनेक पटींनी वाढतो. यास्तव त्यांनी विजारीवर चामड्याची जंघात्राणे चढविली. हा पोशाख त्यांनी मेक्सिकोतील स्पॅनिशभाषी गुराख्यांकडून उचलला. दाट खुरट्या झुडपांना त्या भाषेत जे नाव आहे, त्यावरूनच या जंघात्राणांना 'चापारेरास' हे नाव पडले. रिकिबीवरही पुढून चामड्याचे झाकण बसवीत, कारण उघड्या रिकिबीतून पायाच्या बोटांत फांदी घुसण्याचा धोका असे.

दाट झुडपांच्या भागातील गुराखी रुंद, फडफडणारी जंघात्राणे न वापरता पायाला घट्ट बसणारी वापरीत आणि अंगात जाड कापडाचा, लोंबता भाग नसलेला डगला घालीत, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आकडेदार काट्यांबाबत वर सांगितलेला नियमच त्यांनीही अनुभवाने शोधून काढला होता.

ब्राझील देशाच्या ईशान्य भागात याहून पुढची पायरी दिसते. तेथील 'काटिंगा' नावाच्या रुक्ष काटेरी रानात गुराखी टोपी, डगला, छातीवरचे आच्छादन, जंघात्राणे व हातमोजे असा नखशिखांत चामड्याचाच पोशाख करतो. घोड्याच्या छातीलाही चामडे बांधतात. ब्राझीलमध्ये एकोणिसाव्या शतकापासून भारतातून गीर, कांकरेज व ओंगोल जातींची जनावरे नेण्यात आली व त्यांचे वंशज आज तेथे फार मोठ्या संख्येने आहेत.

या उदाहरणांचे जसेच्या तसे अनुकरण आपल्याकडे करावे असे मात्र नाही. नाशिकचा मेंढपाळ घोड्यावर नसतो, तो पायी चालतो. त्याचा वेग कमी असल्याने मांड्यांना धोका कमी. पण तळपाय, घोटे, नडग्या, मनगटे व डोळे यांना धोका अधिक. शिवाय चैत्र-वैशाखाच्या उन्हात कमरेपासून चामडे गुंडाळून दहा कोस चालणे अशक्य आहे. घ्यावयाचा तो त्यामागील विचार घ्यावा. काटा कोठे, कोणत्या दिशेने व किती जोराने लागतो हे पाहून तेवढाच भाग झाकावा.

वेडी बाभूळ व बदललेले रान

परदेशातील रानाचे उदाहरण दूरचे वाटले तरी त्या रानाचा काही भाग आता आपल्या दारात आला आहे. टेक्सासच्या काटेरी प्रदेशातील प्रमुख झाड म्हणजे 'मेस्कीट'. आपल्याकडे वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ म्हणून ओळखले जाणारे झाड त्याचेच सख्खे भावंड असून ते मूळचे अमेरिका खंडातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतात आणले गेले व पुढे जळणासाठी, कुंपणासाठी आणि उजाड जमिनी झाकण्यासाठी ठिकठिकाणी लावले गेले. फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आला. त्याने दक्षिण भारतात व दख्खनमध्ये इतके रान व्यापले होते की, १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून एक प्रकारचे कोचिनील कीटक आणून त्याच्यावर सोडावे लागले आणि त्यानंतर त्याचा जोर ओसरला. वेड्या बाभळीला असा शत्रू आपल्याकडे अद्याप लाभलेला नाही.

या झाडाचा प्रसार जनावरांकडूनच होतो. त्याच्या पिवळ्या, गोड शेंगा शेळ्या, मेंढ्या व गुरे आवडीने खातात. परंतु कठीण बी न पचता लेंडी व शेणातून बाहेर पडते आणि तेथेच रुजते. म्हणजे मेंढपाळ ज्या वाटेने कळप नेतो, त्या वाटेवर काही वर्षांनी काटेच उगवतात. शेंगा गोळा करून भरडून दिल्या तर खाद्यही मिळते आणि बीही मरते. पण अख्ख्या शेंगांवर जनावर मोकळे सोडणे योग्य नव्हे. तोडलेले झाड बुंध्यापासून अनेक फुटव्यांनी पुन्हा वाढते. त्यामुळे पूर्वी जेथे एका खोडाची, सावली देणारी बाभूळ होती, तेथे आता पुष्कळ ठिकाणी जमिनीलगत फांद्या पसरलेली, माणसाच्या गुडघ्या-कमरेच्या उंचीवर काटे असलेली अभेद्य जाळी आढळते.

रान असे अधिक काटेरी होत असताना पोशाख मात्र हलका होत गेला. कातड्याच्या जड वहाणांची जागा बाजारातील मऊ फोमच्या स्लिपरांनी घेतली. त्या स्वस्त व हलक्या असतात, पण बाभळीचा काटा त्यांतून लोण्यातून सुरी जावी तसा आरपार जातो. इतकेच नव्हे, तर मोडलेला काटा फोममध्ये अडकून राहतो आणि प्रत्येक पावलागणिक थोडाथोडा वर सरकत दोन दिवसांनी पायात शिरतो. घोंगडीऐवजी पातळ चादर, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याऐवजी अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट आणि स्त्रियांच्या अंगावर घोळदार गाऊन, असा बदल सर्वत्र दिसतो. सोय व किंमत ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु काटेरी रानातल्या कामाला हे कपडे पुरे पडत नाहीत.

लहान जखम, मोठा आजार

काट्याच्या जखमेतील पहिला धोका धनुर्वाताचा. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत व शेणात असतात. हे जंतू हवा नसलेल्या ठिकाणी वाढतात. खोल पण अरुंद तोंडाची जखम वरून लगेच मिटते व आत हवा पोहोचत नाही. म्हणून काट्याची जखम या जंतूंना अनुकूल ठरते. मोठ्या, वाहत्या जखमेला माणूस घाबरतो आणि दवाखान्यात जातो. काट्याकडे दुर्लक्ष करतो. भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात दूर झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. गरोदर स्त्रियांना व बालकांना नियमित लस मिळाल्याने हे साध्य झाले. प्रौढ पुरुषांना मात्र शाळा सुटल्यानंतर लसीची मात्रा देणारे कोणी भेटत नाही, आणि भटक्या मेंढपाळांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. मूळ लसीकरण पूर्ण झालेल्या माणसाने दर १० वर्षांनी एक मात्रा घ्यावी. जखम मातीने-शेणाने माखलेली किंवा खोल असेल आणि मागील मात्रेस ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर लगेच घ्यावी. बालपणी लस मिळाली की नाही हे ठाऊक नसणाऱ्याने आरोग्य केंद्रात तसे सांगून पूर्ण मात्रा घ्याव्यात.

दुसरा आजार पुष्कळांच्या ऐकिवात नसतो. काट्यावाटे मातीतील विशिष्ट बुरशी किंवा जंतू पायात शिरतात आणि काही महिन्यांनी तेथे न दुखणारी गाठ येते. पुढे पाय सुजतो, त्यावर अनेक छिद्रे पडतात व त्यांतून पुवाबरोबर रव्यासारखे बारीक कण बाहेर येतात. मदुराईकडे तो प्रथम वर्णिला गेल्यामुळे त्यास 'मदुरा पाय' असे नाव पडले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास त्याचा संबंध बुरशीशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये उपेक्षित आजारांच्या यादीत त्याचा समावेश केला. गाठ दुखत नाही म्हणूनच रोगी उशिरा येतो, आणि उशीर झाल्यास हाडही किडते व क्वचित् पाय कापावा लागतो. पायावरील न दुखणारी, महिनोन् महिने टिकणारी गाठ कार्यकर्त्यांच्या नजरेस आल्यास रोग्याला विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

गुडघा किंवा बोटाच्या सांध्यात काट्याचा तुकडा राहिल्यास सांधा आठवडेच्या आठवडे सुजलेला राहतो. वनस्पतीचा काटा क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाही, त्यामुळे चित्र स्वच्छ आले म्हणून काटा नाही असे समजू नये. काटा मोडल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. सोनोग्राफीत तो सापडू शकतो.

डोळ्याला फांदी लागणे हा तर तातडीचा प्रसंग समजावा. पाला किंवा काटा लागून झालेल्या ओरखड्यात बुरशी वाढून बुबुळावर फूल पडते व दृष्टी जाते. अशा डोळ्यात दुकानातून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास बुरशी अधिकच फोफावते. रुईचा चीक काटा वर येण्यासाठी लावण्याची चाल आहे. तो चीक बोटांवरून डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते. बिब्ब्याचा चटका, चुना, तंबाखू, शेण किंवा माती हेही जखमेवर लावू नये. साबण व भरपूर स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने ओढून काढावा आणि खोल मोडलेला काटा घरी कोरीत बसू नये.

काटेरी जाळ्यांच्या बुडाशी साप असण्याचा संभव असतो, फुरसे तर अशा कोरड्या, दगडाळ जागीच राहते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जाड आच्छादन असल्यास दंशाचा धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालविता सर्पविषावरील लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे.

गावात तयार होणारी साधने

सर्वांत आधी तळ. मालमोटारीच्या जुन्या टायरपासून केलेल्या वहाणा काट्यासाठी आजही उत्तम ठरतात, कारण टायरमध्ये रबराबरोबर दोऱ्यांचे किंवा पोलादी तारांचे थर असतात व काटा तेथे अडतो. तारांची टोके वर आलेली नाहीत एवढे पाहून घ्यावे व आतून चामड्याचा किंवा जाड कापडाचा थर द्यावा. ज्यांना ऐपत असेल त्यांनी घोटा झाकणारे कठीण तळाचे बूट वापरावेत. पावसाळ्यातील रबरी गमबूट चिखलात उपयोगी असले तरी त्यांची बाजू पातळ असते; काट्यासाठी त्यांवर विसंबू नये. कोणतेही पादत्राण असो, रोज संध्याकाळी तळ उलटा करून पाहावा आणि अडकलेले काटे पकडीने उपटून काढावेत. यास दोन मिनिटे लागतात.

नडग्यांसाठी कापडी पोटऱ्या गावचा शिंपी सहज शिवू शकतो. जुन्या कॅनव्हासचा दुहेरी तुकडा घेऊन तो गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत येईल असा कापावा. दोन थरांमध्ये गोणपाटाची घडी घातल्यास सरळ काटा अडतो व बाहेरचा कॅनव्हास गुळगुळीत असल्याने आकडेदार काटा घसरतो. बंद पायाच्या बाहेरच्या अंगाला, किंचित मागे यावेत व त्यांची टोके आत खोचता यावीत; पुढच्या बाजूस गाठ आली तर पहिला आकडा तिलाच लागतो. खालची कड पादत्राणावर एक-दोन बोटे आली पाहिजे, नाहीतर घोटा उघडा राहतो. पाला तोडताना मनगटापासून कोपरापर्यंत याच पद्धतीच्या कापडी बाह्या वापराव्यात.

आकडीने फांदी ओढताना तिच्या थेट खाली उभे राहून वर पाहू नये. एका बाजूला उभे राहावे. साधा, रंग नसलेला चष्मा या वेळी डोळ्यांवर असल्यास उत्तम. लहान मुलांना पाला तोडण्याच्या कामापासून दूर ठेवावे. तोडलेल्या फांद्या खाऊन झाल्या की वाटेवर न टाकता एका जागी रचाव्यात, कारण वाळलेल्या फांदीचा काटा ओल्यापेक्षा कठीण असतो आणि मातीच्या रंगात मिसळून जातो.

स्थलांतर करणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन बाहेर पडतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यापूर्वीच, मेंढ्यांच्या लसीकरणाच्या दिवशी, माणसांच्या धनुर्वाताच्या मात्रेचीही व्यवस्था आरोग्य केंद्राशी बोलून करावी. जनावरांसाठी सर्वजण एका ठिकाणी जमलेलेच असतात, त्यामुळे वेगळी बैठक घेण्याचे कारण पडत नाही. मात्रेची तारीख लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बिऱ्हाडाच्या सामानात ठेवावयास सांगावे.

ज्या शेतकऱ्यांना खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवावयाच्या असतील, त्यांनी कळप येण्यापूर्वी बांधावरची वाट व पाणवठ्याकडे जाणारा रस्ता काट्यांपासून मोकळा करून ठेवावा, आणि कुंपण तोडले असल्यास त्याच्या फांद्या बांधाच्या पलीकडे टाकाव्यात.